आर्दी यांची गाणी आर्दी यांनीच लिहिली

मा. संपादक यांस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत फ्रेंच गायिका फ्रांस्वाज आर्दी यांच्यावर पानभर लेख आला. मराठी वृत्तपत्रात त्यांच्यासाठी इतकी जागा निघाली याचा मला मनापासून आनंद झाला. लेखात आंद्रे कुरेज यांनी शिवलेले पांढरे पोशाख आहेत, पाको राबान यांचा सोनेरी पोशाख आहे, बॉब डिलन यांनी आपल्या 1964 सालच्या तबकडीच्या वेष्टनावर छापलेली, आर्दींना उद्देशून लिहिलेली कविताही आहे. हे सगळे खरे आहे. परंतु लेखाच्या मध्यावर एक वाक्य आहे, ज्यामुळे हे पत्र लिहिणे मला भाग पडले. "त्या काळच्या इतर तरुण गायिकांप्रमाणे आर्दीही संगीतकारांनी हाती ठेवलेली गाणी गात असत," असे त्यात म्हटले आहे. ही माहिती चुकीची आहे, आणि ही चूक तपशिलाची नाही. त्या काळच्या इतर गायिकांपेक्षा आर्दी वेगळ्या ठरल्या त्या नेमक्या याच गोष्टीमुळे, आणि तीच लेखात उलटी झाली आहे. मी वीसहून अधिक वर्षे फ्रेंच शिकवते आणि या बाईंच्या ध्वनिमुद्रिका त्याहूनही जास्त काळ ऐकत आले आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. जागा द्यावी, ही विनंती.

आर्दींचा जन्म 17 जानेवारी 1944 चा, पॅरिसमधला. आईने दोन मुलींना जवळजवळ एकटीनेच वाढवले. वडिलांचा संसार दुसरीकडे होता, त्यामुळे घरात त्यांचे येणे-जाणे पाहुण्यासारखे असे. घर लहान होते, मुलगी लाजाळू होती आणि सोबतीला रेडिओ होता. रेडिओ लक्झेंबर्गवर लागणारी इंग्रजी गाणी ती एकटीने ऐकत बसे. सोळाव्या वर्षी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल वडिलांनी तिला गिटार दिली. शिकवायला कोणी नव्हते. हाताशी आलेल्या मोजक्या स्वरमेळांवर तिने स्वतःच शब्द जुळवायला आणि त्यांना चाली लावायला सुरुवात केली. पुढे वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून ती एका ध्वनिमुद्रिका कंपनीत आवाजाची चाचणी द्यायला गेली, तेव्हा तिला नकार मिळाला. मग गायिका मिरेय यांच्या 'पेती कॉन्झर्व्हातुआर' या गायनशाळेत तिने धडे घेतले आणि 14 नोव्हेंबर 1961 रोजी व्होग कंपनीशी तिचा करार झाला. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. कराराच्या वेळी तिच्याजवळ आवाजाखेरीज स्वतःच्या गाण्यांचा संग्रह होता, ही गोष्ट आपल्या लेखातून पूर्णपणे निसटली आहे.

पहिली तबकडी 1962 साली निघाली. त्या काळच्या फ्रेंच पद्धतीप्रमाणे ती चार गाण्यांची होती. कंपनीचा भरवसा होता तो 'ओ ओ शेरी' या गाण्यावर. ते एका अमेरिकी गाण्याचे फ्रेंच रूपांतर होते आणि त्याचे शब्द दुसऱ्यांनी लिहिले होते. अमेरिकी गाणे घ्यावे, त्यावर फ्रेंच शब्द बसवावेत आणि तरुण चेहऱ्याकडून गाऊन घ्यावे, ही तेव्हाची रुळलेली वाट होती. त्याच तबकडीवर मुलीने स्वतः लिहिलेले एक संथ गाणेही होते, 'तू ले गार्सों ए ले फीय', म्हणजे 'सगळी मुलं आणि मुली'. 28 ऑक्टोबर 1962 च्या रात्री, राष्ट्राध्यक्षांची निवड थेट जनतेच्या मताने व्हावी की नाही या प्रश्नावरच्या सार्वमताचे निकाल सांगितले जात असताना, दूरचित्रवाणीवर मधल्या वेळात आर्दींनी हे गाणे गायले. निकालासाठी अवघा देश संचासमोर बसला होता. त्यानंतर ही तबकडी लाखोंनी खपली. कंपनीने पुढे केले होते दुसऱ्याचे गाणे, लोकांनी उचलले ते तिचे स्वतःचे.

हे गाणे मी दरवर्षी वर्गात लावते. शब्द सोपे आहेत, वर्तमानकाळ आहे, चाल सावकाश आहे, त्यामुळे नवख्या विद्यार्थ्यांनाही ते पकडता येते. माझ्या वयाची मुलं-मुली रस्त्यातून जोडी-जोडीने फिरतात, हातात हात, डोळ्यांत डोळे, उद्याची भीती नाही, आणि मी मात्र एकटीच रस्त्यातून जाते, कारण माझ्यावर कोणाचेच प्रेम नाही, एवढाच त्याचा आशय. पहिल्यांदा ऐकताना विद्यार्थ्यांना ते भाबडे वाटते. मग मी त्यांना शब्दांची मोजणी करायला लावते. 'जोडीने' या अर्थाचा 'द्यो पार द्यो' हा तुकडा पहिल्या ओळींत येतो आणि पाठोपाठ 'सल', म्हणजे 'एकटी', हा शब्द येतो. 'दोन' आणि 'एक' यांच्यामधल्या फरकावर सगळे गाणे उभे आहे. तक्रार नाही, रडारड नाही, कोणाला दोष नाही. ती समोरच्या रस्त्याचे वर्णन करते आणि त्यात आपली जागा कुठे ते सांगते. कडवी पुढे सरकतात तरी चाल फारशी चढत नाही. तीच पावले, तोच रस्ता, पुन्हा पुन्हा. शेवटच्या कडव्यात 'आपलाही दिवस येईल का' अशी आशा डोकावते, पण तेव्हाही आवाज उंचावत नाही. विशीही न गाठलेल्या मुलीने हे स्वतःच्या अनुभवातून लिहिले आहे. एखाद्या मुरलेल्या गीतकाराने तिच्यासाठी लिहिले असते, तर त्याने बहुधा शेवटी तिला एक प्रियकर मिळवून दिला असता.

1962 च्याच अखेरीस आलेल्या पहिल्या मोठ्या तबकडीवर बारा गाणी आहेत. त्यांपैकी दहा आर्दींची आहेत. संगीताच्या श्रेयात संयोजक रोजे सामँ यांचे नाव त्यांच्या सोबतीने येते. उरलेली दोन म्हणजे वर सांगितलेले 'ओ ओ शेरी' आणि 'ल ताँ द लामूर'. या दुसऱ्या गाण्याची चाल जाक द्युत्राँ यांची, जे पुढे आर्दींचे जीवनसाथी झाले. बारांत दहा, हे प्रमाण त्या काळात किती अपवादात्मक होते, याची कल्पना मराठी वाचकाला चटकन यावी असे मला वाटते. आपल्या भावगीतात कवी एक, चाल लावणारा दुसरा आणि गाणारा तिसरा, अशी वाटणी आपण गृहीतच धरतो आणि त्यात गैर काही मानत नाही. फ्रान्समध्येही तरुणांच्या गाण्यात तेव्हा अशीच वाटणी होती. स्वतः लिहून स्वतः गाणारे लोक होते, पण ते बहुतेक वयाने मोठे, पुरुष आणि 'शाँसाँ' या जुन्या प्रतिष्ठित परंपरेतले. जून 1963 मध्ये पॅरिसच्या प्लास द ला नास्यों या चौकात तरुणांची प्रचंड गर्दी लोटली. त्यानंतर समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांनी 'ल माँद' या दैनिकात लिहिताना या पिढीच्या गाण्याला 'ये-ये' हे नाव दिले. आर्दींची गणना या 'ये-ये' गायिकांत झाली आणि तेथून ती कधी पुरती पुसली गेली नाही. आपल्या लेखातली चूक याच शिक्क्यामुळे झाली असावी. शिक्का एकच असला, म्हणून त्याच्याखालची माणसे एकसारखी ठरत नाहीत.

1963 साली त्यांनी युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत मोनॅकोच्या वतीने भाग घेतला आणि पाचवे स्थान मिळवले. 'लामूर साँ व्हा' हे तिथे गायलेले गाणे, शब्द आणि चाल दोन्ही, त्यांचेच होते. लेखात या स्पर्धेचा उल्लेख आहे, गाणे कोणाचे ते मात्र लिहिलेले नाही.

लेखात न आलेली दुसरी गोष्ट म्हणजे या बाईंचा स्वतःच्या ध्वनिमुद्रणांविषयीचा असमाधानी स्वभाव. सुरुवातीच्या तबकड्या प्रचंड खपूनही त्यांना त्या आवडत नसत आणि हे त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवले. वाद्यांची साथ त्यांना कोरडी आणि घाईची वाटे. 1964 पासून त्या ध्वनिमुद्रणासाठी लंडनला जाऊ लागल्या, तिथे चार्ल्स ब्लॅकवेल यांनी त्यांच्या गाण्यांना स्वरसाज दिला, आणि फरक पहिल्याच ओळीत ऐकू येतो. गिटारची भरीव साथ, मागे तंतुवाद्यांचा पडदा आणि मध्ये आवाजाला मोकळी जागा. 'दाँ ल माँद आंत्ये' या त्यांच्याच गाण्याचे इंग्रजी रूप 1965 साली ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सोळाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. इटालियन आणि जर्मन भाषांतही त्यांनी भरपूर ध्वनिमुद्रणे केली. त्यांतली कितीतरी आजही ऐकण्यासारखी आहेत, पण त्यांच्या लेखनाचा विचार करायचा तर फ्रेंचकडेच वळावे लागते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आर्दींनी फक्त स्वतःचीच गाणी गायली, असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या सर्वांत लोकप्रिय गाण्यांपैकी काही दुसऱ्यांची आहेत. 1964 मधले 'मों आमी ला रोझ' हे गुलाबाच्या तोंडून क्षणभंगुरतेविषयी बोलणारे गाणे सेसिल कोलिये यांनी लिहिले होते. 'लामिसिए', म्हणजे 'मैत्री', हे 1965 चे गाणेही दुसऱ्यांचेच. आणि 1968 चे 'कोमाँ त दीर आद्यो' हे तर सेर्ज गेन्सबूर यांच्या शब्दकौशल्याचा नमुना आहे. मूळ इंग्रजी गाण्यावर त्यांनी असे फ्रेंच शब्द बसवले, की ओळीमागून ओळ 'एक्स' या उच्चारावर येऊन थांबते, आणि त्यासाठी काही ठिकाणी शब्द मध्येच तोडून त्याचा उरलेला भाग पुढच्या ओळीत ढकलला आहे. निरोप घेताना जीभ अडखळावी तशी ही यमके अडखळतात. आर्दी ती अडखळ कुठेही न ठासता, अगदी सहज गातात. दुसऱ्यांची गाणी निवडण्याची त्यांची नजर चोख होती, आणि ती चोख असण्याचे कारण, माझ्या मते, गाणे कसे रचले जाते हे त्यांना आतून ठाऊक होते.

1968 साल त्यांच्या वाटचालीत दुसऱ्या एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी त्यांनी रंगमंचावरून गाणे थांबवले. लोकांसमोर उभे राहण्याचे त्यांना मनस्वी दडपण येत असे, दौऱ्यांचा कंटाळा येई आणि चारचौघांत वावरणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि कीर्तीच्या शिखरावर होत्या. यानंतरची पन्नास वर्षे त्यांनी केवळ ध्वनिमुद्रणे केली. त्याआधीच, 1967 मध्ये, त्यांनी 'आस्पेरागस' ही स्वतःची निर्मितीसंस्था काढली होती आणि 1970 मध्ये 'इपोपोताम' ही दुसरी. गाणी कोणती घ्यायची, साथीला कोण, संयोजन कोणाचे, यांविषयीचा शब्द आता त्यांचा झाला. आपल्या लेखाने 1968 नंतरचा सगळा काळ 'पुढे त्या हळूहळू प्रकाशझोतातून दूर गेल्या' या एका वाक्यात उरकला आहे. पण त्यांचे सर्वोत्तम काम मुळात याच काळातले आहे.

पहिले नाव घ्यायचे ते 1971 च्या तबकडीचे. तिच्या मुखपृष्ठावर केवळ गायिकेचे नाव होते. त्यातल्या एका गाण्यावरून ऐकणाऱ्यांनी तिला 'ला केस्त्यों', म्हणजे 'प्रश्न', असे म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पुढे रूढ झाले. तिच्यावरची बहुतेक गाणी ब्राझीलच्या तुका या गिटारवादक-संगीतकार स्त्रीसोबत तयार झाली. (मराठी कानाला हे नाव वेगळ्याच कारणाने ओळखीचे वाटेल.) दोघी साधारण एकाच वयाच्या. ही तबकडी लावली की पहिल्यांदा जाणवते ती तिच्यातली शांतता. ड्रम जवळजवळ नाहीतच. तुका यांची गिटार, खालून हलकेच चालणारा बास, वर तंतुवाद्ये, आणि आवाज इतका जवळ, की ओळ सुरू होण्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो. तंतुवाद्ये इथे गाण्याला गोड करण्यासाठी आलेली नाहीत. ती मध्येच येतात, एक वळण घेतात आणि गिटारला एकटे सोडून निघून जातात. शीर्षकगीताचे शब्द आर्दींचे आहेत, चाल तुका यांची. तू कोण असशील मला ठाऊक नाही, तू कोणाची आशा धरून आहेस ठाऊक नाही, मी तुला जाणू पाहते आणि तुझे मौन माझ्या मौनाला अस्वस्थ करते, असा त्याचा सूर आहे. 'तुझे मौन माझ्या मौनाला' ही कल्पना पाहा. दोन माणसे एका खोलीत गप्प बसली आहेत आणि त्या दोन गप्प राहण्यांत ताण आहे. 1962 साली रस्त्यावरच्या जोड्यांकडे पाहणारी मुलगी आता स्वतः जोडीत आहे, आणि एकटेपणा संपलेला नाही. नऊ वर्षांत त्यांचे लेखन केवढे परिपक्व झाले, ते या दोन गाण्यांना शेजारी ठेवले की दिसते. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. आज त्यांच्या कामातला मानाचा टप्पा म्हणून जाणकार तिचे नाव घेतात, आणि 'ये-ये गायिका' म्हणून त्यांना बाजूला सारणाऱ्या प्रत्येकाला मी हीच तबकडी आधी ऐकायला सांगते.

दुसरे नाव 1973 च्या 'मेसाझ पेर्सोनेल'चे, म्हणजे 'खासगी निरोपा'चे. त्या वर्षी आर्दींना मुलगा झाला. तोमा द्युत्राँ, जे पुढे स्वतः गायक आणि गिटारवादक झाले. ही तबकडी तरुण संगीतकार मिशेल बेर्जे यांच्या सहकार्याने झाली. शीर्षकगीत दोन तुकड्यांत आहे. पहिला तुकडा आर्दींनी लिहिला आहे आणि तो त्या गात नाहीत, बोलतात. टेलिफोनच्या पलीकडे तुमचा आवाज आहे, आणि मी कधीच बोलणार नाही असे काही शब्द आहेत, अशी त्याची सुरुवात. मागे पियानो एकाच जागी घोटाळत राहतो. बाई सांगू पाहते, शब्द अडतात, ती स्वतःलाच दोष देते. मी येते, माझी वाट पाहा, तुमचा वेळ राखून ठेवा, माझा सगळा वेळ तुमचाच आहे, असे म्हणते, आणि पुढच्याच श्वासाला, नाही, मला जमणार नाही, असेही म्हणते. फ्रेंचमध्ये 'पोहोचणे' आणि 'जमणे' यांसाठी एकच क्रियापद आहे, 'आरिव्हे'. ते आर्दींनी इथे असे ठेवले आहे, की 'मी पोहोचणार नाही' आणि 'मला जमणार नाही' हे दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात. यानंतर बेर्जे यांनी लिहिलेला गायनाचा भाग सुरू होतो आणि चाल एकदम मोकळी होते. तुला कधी वाटले की तुझे माझ्यावर प्रेम आहे, तर धाव, धाप लागेपर्यंत धाव आणि मला येऊन भेट.

या गाण्यातली एक गोष्ट इंग्रजी भाषांतरात पूर्ण हरवते आणि मराठीत मात्र जशीच्या तशी उतरते. बोललेल्या भागात ती त्याला 'व्हू', म्हणजे 'तुम्ही', म्हणते. गायलेल्या भागात तीच बाई त्याच माणसाला 'त्यू', म्हणजे 'तू', म्हणते. टेलिफोनवर, तोंडाने, ती 'तुम्ही'च्या पलीकडे जाऊ शकत नाही, आणि मनातल्या मनात, गाण्यात, ती 'तू'वर येते. सगळे गाणे या एका सर्वनामाच्या बदलावर तोललेले आहे. मी विद्यार्थिनी असताना ही कॅसेट अनेकदा ऐकूनही माझ्या हे ध्यानात आले नव्हते. शब्द कागदावर उतरवून घेताना एका ठिकाणी हात थांबला, मी कॅसेट मागे नेली, पुन्हा ऐकले, आणि मग ती संध्याकाळ दुसरे काही सुचले नाही. 'अहो'चे 'अरे' होणे म्हणजे काय, हे ज्या भाषेत घरोघर ठाऊक आहे, त्या भाषेच्या वाचकांपर्यंत निदान एवढे तरी पोहोचायला हवे होते. हे गाणे दोघांनी मिळून केलेले आहे, पण 'तुम्ही'चा अर्धा भाग आर्दींचा आहे, आणि तो नसता तर 'तू'ला काही वजन आले नसते.

यानंतरच्या काही तबकड्यांविषयी थोडक्यात. सत्तरच्या दशकाअखेर आणि ऐंशीच्या सुरुवातीला गाब्रिएल यारेद यांनी त्यांच्या गाण्यांचे संयोजन केले. हेच यारेद पुढे चित्रपटसंगीतासाठी ऑस्करचे मानकरी झाले. त्या तबकड्यांत काही सुंदर क्षण आहेत, परंतु त्या काळच्या नृत्यसंगीताची छाप काही गाण्यांना मानवली नाही असे मला वाटते. 1988 च्या 'देकालाझ'मधले 'पार्तीर काँ मॅम' मात्र चुकवू नये असे आहे. चाल जाक द्युत्राँ यांची, शब्द आर्दींचे. पूर्ण गुंतून पडण्याआधी, अजून शक्ती आहे तोवर, निघून जावे, असे स्वतःला बजावणाऱ्या बाईचे ते गाणे आहे. ही आपली शेवटची तबकडी, असे त्यांनी तेव्हा जाहीर केले होते. सुदैवाने तसे घडले नाही.

आर्दी गीतकार नव्हत्या असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी आणखी एक साधा पुरावा आहे. त्यांनी इतर गायकांसाठीही गीते लिहिली. ज्युलियाँ क्लेर यांचे 1990 मधले गाजलेले 'फॅ मुआ उन प्लास', म्हणजे 'मला थोडी जागा कर', याचे शब्द आर्दींचे आहेत. त्यांच्या आधी, 1986 मध्ये, दियान तेल यांच्यासाठीही त्यांनी लिहिले. आवाज दुसऱ्याचा, चेहरा दुसऱ्याचा, आणि तरीही गाणे उभे राहते. जिचे श्रेय फक्त सौंदर्याला द्यायचे, तिच्याकडे कोणी गीत मागायला कशाला जाईल?

लेखात त्यांच्या आवाजाला 'मर्यादित' म्हटले आहे, त्याविषयीही बोलले पाहिजे. त्यांच्या आवाजाचा पल्ला मोठा नव्हता, हे खरे. त्या कधी ओरडून गायल्या नाहीत, ताना घेतल्या नाहीत, शेवटचा स्वर लांबवून टाळ्या मिळवल्या नाहीत. पण मायक्रोफोनचे काम काय असते हे त्यांना पक्के कळले होते. ज्या आवाजाला सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे असते तो एक, आणि ज्याला एकट्या ऐकणाऱ्याच्या कानाशी बोलायचे असते तो दुसरा. आर्दींचा आवाज दुसऱ्या प्रकारचा. त्यांचे उच्चार इतके स्वच्छ आहेत, की परक्या भाषेच्या विद्यार्थ्यालाही शब्दाच्या शेवटी पुसटसा येणारा स्वर वेगळा ऐकू येतो. शब्द लिहिणारीच गात असल्यामुळे कोणत्या शब्दावर थांबायचे आणि कोणत्या शब्दावरून घरंगळत पुढे जायचे, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. मर्यादा होती, आणि त्या मर्यादेच्या आत राहूनच त्यांनी आपली लेखनशैली घडवली. छोट्या ओळी, घरगुती शब्द, आणि मोठ्या उद्गारांना पूर्ण बंदी.

1996 च्या 'ल दाँजे'मध्ये त्यांनी विजेच्या गिटारांचा खरखरीत स्वर जवळ केला. पन्नाशी उलटल्यावर इतकी करडी तबकडी करायला धाडस लागते. 2004 मध्ये त्यांना लसिकाग्रंथींचा कर्करोग असल्याचे निदान झाले. त्याच वर्षी 'ताँ द बेल शोझ' आली. तिचे शीर्षकगीत म्हणजे मागे राहणाऱ्या मुलाला आईने दिलेला दिलासा आहे. किती सुंदर गोष्टी तुला अजून ठाऊक नाहीत, आणि प्रेम मरणाहून बलवान आहे, असे ती सांगते. मी हे गाणे वर्गात लावत नाही, कारण शेवटपर्यंत स्वर स्थिर ठेवून त्याचा अर्थ सांगणे मला जमलेले नाही. 2005 मध्ये 'व्हिक्तुआर द ला म्युझिक' या फ्रेंच संगीत पुरस्कारांतला सर्वोत्कृष्ट गायिकेचा सन्मान त्यांना मिळाला आणि 2006 मध्ये फ्रेंच अकादमीने फ्रेंच गीतासाठी देण्यात येणारे आपले मोठे पदक त्यांना दिले. अकादमी ही भाषेचा कोश करणारी संस्था आहे.

2015 मध्ये त्या मरणाच्या दारातून परत आल्या आणि 2018 मध्ये 'पेर्सोन दोत्र' ही तबकडी त्यांनी पूर्ण केली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा तो आवाज खाली उतरला आहे, थोडा धुरकटला आहे, पण उच्चार तितकेच स्वच्छ आणि थांबण्याच्या जागा तितक्याच अचूक. ती शेवटची ठरली. कर्करोग आणि त्यावरचे उपचार यांमुळे पुढे गाणे अशक्य झाले. असह्य यातनांत जगणाऱ्याला स्वतःच्या इच्छेने मरण मागता यावे, अशी मागणी त्यांनी अखेरच्या वर्षांत उघडपणे केली आणि डिसेंबर 2023 मध्ये तसे जाहीर पत्र राष्ट्राध्यक्षांना लिहिले. 11 जून 2024 रोजी पॅरिसमध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. मुलाने ती बातमी तीन शब्दांत दिली: आई निघून गेली. आईच्या गाण्यांतही याहून लांब वाक्य तिने सहसा लिहिले नसते.

संपादक महोदय, आपल्या लेखाच्या लेखकाचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. माझी विनंती इतकीच, की 'संगीतकारांनी हाती ठेवलेली गाणी' या वाक्याची दुरुस्ती आपण छापावी, आणि लेखासोबतच्या मोठ्या छायाचित्राखालची ओळही बदलावी. त्या छायाचित्रात तरुण आर्दी जमिनीवर बसल्या आहेत आणि मांडीवर गिटार आहे. खाली आपण 'गायिका व मॉडेल' असे छापले आहे. सोळाव्या वर्षी मिळालेल्या गिटारवर जिने आपली पहिली गाणी बांधली, तिच्या हातात हे वाद्य छायाचित्रकाराने शोभेसाठी ठेवले असावे, असा समज त्या ओळीमुळे होतो. तिथे 'गीतकार, संगीतकार व गायिका' असे हवे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक फ्रेंच शिक्षिका